दहा गोळ्यांची हौस आणि एका छऱ्याची रायफल

मे महिन्यात एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला आणि चौथ्या दिवशी खानापूर तालुक्यातल्या नंदगडहून बापलेक माझ्या दारात उभे. बापाची पिठाची गिरणी आहे. शर्टाच्या शिवणीत पीठ बसलेलं, कितीही झटकलं तरी न जाणारं. मुलगा सोळा वर्षांचा, उंच, काटकुळा. त्याला इथे ओंकार म्हणतो, खरं नाव वेगळं आहे.

"काका, मला सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायचीय. बाबा सत्तर हजारापर्यंत तयार झालेत."

बाप म्हणाला, "तुम्ही मिल्ट्रीतले. काय घ्यायचं ते तुम्हीच सांगा की. मला त्यातलं काय कळतंय?"

मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो. पेन्शन घेतल्यापासून बेळगावातल्या एका क्लबात शनिवार-रविवार नव्या पोरांना उभं राहायला शिकवतो. असे बापलेक वर्षातून दोन-तीनदा येतात. त्यातलं हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात मुलगा चुकला, बाप चुकला आणि मधे एक महिना मीही चुकलो.

हौस कुठून आली ते आधी बघितलं. ओंकारचा मावसभाऊ अमेरिकेत आहे. त्याने तिथल्या रेंजवरचा व्हिडिओ पाठवला होता. रुगर १०/२२, पॉइंट टू टू बोरची, म्हणजे बारीक नळीची, दहा गोळ्यांचं गोल फिरणारं मॅगझिन आत बसलेलं. ही रायफल १९६४ पासून बनतेय आणि तिकडे पोराची पहिली रायफल म्हणून बाप ती सहज घेऊन देतो. वजनाला हलकी, झटका जवळजवळ नाहीच. घोडा ओढला की एक गोळी सुटते, तिच्याच जोरावर बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि येताना पुढचं आत ढकलतो. परत ओढा, परत गोळी. व्हिडिओत मावसभावाने पाच-सहा सेकंदांत दहा डबे उडवले होते. ओंकारने तो मला तीनदा दाखवला.

तिथलं ते तिथं ठीक आहे. आपल्याकडे गोष्ट दुसरी.

२०१६च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत हत्यारांचे गट पाडलेत. सेमी-ऑटोमॅटिक रायफल त्यात पहिल्या गटात जाते. गंमत अशी, की पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक असलं तरी त्याला तिसऱ्या गटात जागा आहे, रायफलीला ती सवलत नाही. पहिल्या गटाचा कागद आपल्या डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, निघत नाही, तो दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातो. गिरणीवाल्याच्या पोराला हौस आहे म्हणून तिथून कुणी परवाना धाडत नाही. शिवाय साध्या परवान्यालाही वय २१ पूर्ण लागतं. बारा वर्षांवरच्या नेमबाज मुलांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, पण ती क्लबात, कुणाच्या तरी नजरेखाली शिकणाऱ्यांसाठी. घरी मॅगझिनवाली रायफल ठेवण्यासाठी नव्हे.

ओंकारने तयारी करून आणली होती. म्हणाला, "काका, कोडगूत लायसन्सच लागत नाही म्हणे. ते पण कर्नाटकच की."

खरं आहे, लागत नाही. पण ती सूट कोडवा लोकांना आणि जम्मा नावाची वंशपरंपरेची जमीन धरणाऱ्यांना, ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलीय. नंदगडच्या गिरणीवाल्याला तिचा काय उपयोग? बाप हसला. पोरगा हसला नाही.

कायद्यापाशीच थांबलो असतो तर पोरगं हिरमुसून घरी गेलं असतं आणि दोन महिन्यांत क्रिकेटची बॅट घेऊन मोकळं झालं असतं. म्हणून त्याला विचारलं, "तुला डबे उडवायचेत का मॅच खेळायचीय?"

"मॅच. स्वप्निल कुसाळेसारखी."

आमच्या भागातल्या पोरांना आता हे नाव पाठ आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्य. कोल्हापूर आम्हाला बेंगळूरपेक्षा कितीतरी जवळ. तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही इथल्या क्लबांत चार पोरी वाढल्या होत्या. मी म्हटलं, "बाळा, कुसाळेच्या रायफलीत मॅगझिन असतं का रे?"

त्याला माहीत नव्हतं. पन्नास मीटर असो वा दहा मीटर, ऑलिंपिकच्या रायफल प्रकारात एक एक गोळी हाताने भरायची. भरा, धरा, सोडा. सेमी-ऑटोमॅटिक चालते ती पिस्तुलाच्या २५ मीटर रॅपिड फायरसारख्या प्रकारांत. म्हणजे ओंकारला जी रायफल हवी होती ती घेऊन त्याला जो सामना खेळायचा होता तो खेळताच आला नसता.

खरं सांगायचं तर सेमी-ऑटोमॅटिकचं वेड मलाही होतं. रिक्रूट असताना आमच्या हातात ईशापूरची ७.६२ची एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल होती, वीस गोळ्यांचं मॅगझिन. रेंजवर पहिल्या दिवशी उस्तादाने मॅगझिन भरू दिलं नाही. एक गोळी. ती सुटली की उठायचं, टार्गेटकडे बघायचं, कुठे लागली ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मगच दुसरी. आणि त्याआधी पंधरा दिवस रिकाम्या एसएलआरच्या नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून नुसता घोडा ओढायचा. नाणं पडलं की रगडा, म्हणजे शिक्षा. माझं किती वेळा पडलं ते इथे लिहीत नाही.

ओंकारला तेच नाणं दिलं. क्लबातली एक छऱ्याची, हवेच्या दाबावर चालणारी रायफल त्याच्या हातात दिली आणि दहा मीटरवर दोन कागद लावले. पहिल्यावर दहा छरे, पाहिजे तेवढा वेळ घेऊन. दुसऱ्यावर दहा छरे, जमेल तितक्या घाईने. पहिल्या कागदावर सगळी भोकं पाच रुपयांच्या दोन नाण्यांखाली झाकली गेली. पहिल्याच दिवशी हे वाईट नाही. दुसऱ्या कागदावर पसारा बशीएवढा, आणि दोन छरे कागदाबाहेर, मागच्या लाकडात. मी काही बोललो नाही. दोन्ही कागद घडी घालून त्याच्या बापाच्या खिशात ठेवले.

दहा मीटरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, पेन्सिलीच्या टोकाएवढा. पुढे प्रत्येक वर्तुळ पाच मिलिमीटरने वाढतं. छरा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे छऱ्याच्या कडेने ठिपक्याला नुसतं शिवलं तरी दहा, पण नळीचं टोक केसभर हललं तर नऊ, आठ. छरा साधारण सेकंदाला १७० मीटरने जातो, टार्गेटपर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. घोडा ओढून लगेच मान वर करणारं पोर तेवढ्यातच बिघडवतं. एका सामन्यात असे ६० छरे, ७५ मिनिटांत. घाईला जागाच नाही.

बापाला यातलं एक वाक्य फार आवडलं. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या (ज्यूल म्हणजे छऱ्याच्या जोराचं माप) छऱ्याच्या रायफलीला परवाना लागत नाही. मॅचची रायफल जेमतेम साडेसात ज्यूलची. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेतो, पावती देतो, संपलं. "मग हेच घ्या की," तो म्हणाला, जणू प्रश्न मिटला.

प्रश्न तिथून सुरू झाला.

सत्तर हजार म्हटले तरी ते सगळे रायफलीचे नाहीत, हे पहिल्या बैठकीतच सांगावं लागतं. जॅकेट लागतं, ताठ, जाड कापडाचं, ज्यामुळे कंबर आणि पाठ धरून राहते. बूट लागतात. मॅचचे चपट्या तोंडाचे छरे लागतात, कारण तेच कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात. टोकदार छरा कागद फाडतो आणि मग गुण मोजताना भांडणं. पाचशेचा डबा मनापासून सराव करणाऱ्या पोराला दोन आठवडे पुरत नाही. क्लबची फी, नंदगड-बेळगाव एसटी, रविवारचा वडा. मी बापाकडून कागदावर लिहून घेतलं: रायफलीला पंचेचाळीस, बाकी सगळं बाकीला. त्याला रायफल महाग वाटत नव्हती, छरे महाग वाटत होते. गिरणीवाल्याला चालू खर्च दिसतो, हे मला त्याच्यात आवडलं.

पंचेचाळीसात नवी जर्मन मॅच रायफल येत नाही. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अँशुट्झ यांचं नवं मॉडेल लाखांच्या घरात. इथे माझी चूक झाली. माझ्या डोक्यात सैन्यातली शिस्त. म्हटलं, सुरुवात स्प्रिंगच्या देशी रायफलीवर, ओपन साइटवर, म्हणजे नळीवरच्या साध्या खाचेतून नेम धरत, करू दे. शालेय स्पर्धांत ओपन साइटचा वेगळा गट असतोच. पैसे वाचतील, आणि जो स्प्रिंगवर शिकला तो कुठेही मारतो. ही माझी जुनी समजूत.

क्लबातच एक स्प्रिंगची रायफल पडून होती, ती महिनाभर त्याला दिली. नळी मोडून खाली ओढली की आतली स्प्रिंग दाबून बसते. घोडा ओढला की पिस्टन धाडकन पुढे जातो, हवा दाबली जाते आणि छरा सुटतो. पण छरा नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या धक्क्याने अख्खी रायफल मागे-पुढे हलते. ती प्रत्येक वेळी तशीच धरली तर तशीच हलते. जरा जोराने धरलं की छरा दुसरीकडे. ओंकार दर छऱ्याला वेगळी धरत होता. मला वाटलं लक्ष नाही. दोनदा ओरडलोसुद्धा.

महिन्याच्या शेवटी कोल्हापूरची एक कोच क्लबात आली होती. वयाने माझ्या मुलीएवढी. पाच मिनिटं बघून म्हणाली, "काका, त्याच्या मानेकडे बघा की." मी बघितलं. दस्ता त्याच्या हाताला लांब पडत होता. कोपरात दस्त्याची कड टेकवली तर बोट घोड्यापर्यंत नीट पोचत नव्हतं. म्हणून तो पाठ मागे वाकवून, मान पुढे काढून उभा. गालाला टेकायला आधार नाही, म्हणून डोळा साइटच्या मागे रोज वेगळ्या जागी. ही रायफल मोठ्या माणसाच्या मापाची होती आणि तिला कुठेच मागेपुढे करायची सोय नव्हती. मी पोराला रायफलीत कोंबत होतो. तीस वर्षं सैन्यात काढली तरी सरकारी माप सगळ्यांना बसतं ही समजूत जात नाही.

तेव्हा निकष बदलले. दस्त्याची लांबी आणि गालाचा आधार सरकवता आला पाहिजे, हे पहिलं. धक्का नको, हे दुसरं. मागे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघायची, हे तिसरं. किंमत चौथ्या नंबरावर गेली.

धक्का नको म्हणजे हवेची. आजकाल सगळे पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेची, घेतात. नळीखाली सिलिंडर, दोनशे-तीनशे बारचा दाब, दर छऱ्याला मोजून हवा. हॅमर्लीची एआर-२० अशी क्लबसाठीच काढलेली, आपल्या देशातही आता शिकाऊ पीसीपी बनतात. चांगल्याच आहेत. पण ओंकारच्या बाबतीत मी विचारलं, हवा कोण भरणार? नंदगडला सायकलच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आहे, तो या कामाचा नाही. क्लबात मोठा सिलिंडर आहे, म्हणजे शनिवारी भरून न्यायचा आणि आठवडाभर पुरवायचा. जमतं. हातपंपही मिळतो, पण दोनशे बारपर्यंत तो दाबताना काटकुळ्या पोराचे खांदे भरून येतात, आणि मग त्याच खांद्यांनी नेम धरायचा.

तेवढ्यात बापाने कोल्हापुरात एक सेकंडहँड पीसीपी शोधून काढली. जर्मन, दिसायला झकास, निळा दस्ता, किंमत बरोबर पंचेचाळीस. फोटो बघून ओंकार दोन रात्री झोपला नाही. आम्ही तिघे गेलो. विकणारा कॉलेजचा मुलगा, खेळ सोडलेला, सरळ वागणारा. मी रायफल हातात घेतली आणि आधी सिलिंडर फिरवून त्यावरचा कोरलेला मजकूर वाचला. तारीख २०१२ची.

सिलिंडरला वय असतं. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही, आणि तो मुदतीत आहे की नाही बघायची जबाबदारी खेळाडूची. सामान तपासणीत तारीख बघतात. दोनशे बारची धातूची नळी गालापासून वीतभर अंतरावर असते, तेव्हा हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. नवा सिलिंडर मागवायचा तर पंचेचाळीसचे साठ व्हायला लागले असते. त्या मुलाला हे ठाऊकच नव्हतं. तो स्वतः दोन वर्षं त्यावर खेळत होता. बाप म्हणाला, "दिसायला तर नवी आहे." मी म्हटलं, "गिरणीचा पट्टा पण दिसायला नवाच असतो की." त्याला लगेच पटलं. पट्टा तुटला की काय होतं हे त्याने बघितलंय.

ओंकार गाडीत एक शब्द बोलला नाही.

त्या कोचने दुसरा पत्ता दिला. एका निवृत्त नेमबाजाकडे फाइनवेर्कबाऊची ६०० मालिकेतली जुनी रायफल होती, १९८०च्या दशकात निघालेली जात. हिच्यात सिलिंडर नाही. बाजूला लांब दांडा असतो. तो उघडून मिटला की त्याच एका दमात हवा दाबली जाते, तीच पुढच्या छऱ्याला. धक्का नाही. मुदत संपणारं काही नाही. बाहेरून हवा भरायला नको, म्हणजे नंदगडच्या माडीवर रोज सराव. दस्त्याची कड सरकवता येत होती, गालाला लाकडाचा वेगळा तुकडा बसवलेला. दिसायला मात्र जुनाट, तपकिरी लाकूड, एका बाजूला टवका उडालेला.

ओंकारने तोंड वाकडं केलं. मी त्याला उभं केलं, दस्ता दोन बोटं आत घेतला, आणि म्हटलं डोळे मीट, रायफल खांद्याला लाव, मान टेकव, आता डोळे उघड. डोळा साइटच्या गोलात बरोबर मध्ये. परत मीट, परत उघड. सहा वेळा केलं, सहाही वेळा मध्ये. सातव्या वेळी तो स्वतःहून हसला. दांडा किती जड जातो ते बघायला मी लागोपाठ वीस वेळा मारायला लावला. विसाव्यालाही हात थरथरला नाही. मग दांडा मिटून पाच मिनिटं तशीच ठेवली आणि छरा सोडला. आवाजात फरक पडला, म्हणजे आत हवा अडवून धरणारी सील थोडी गळते. हे मी विकणाऱ्याला तिथेच सांगितलं. त्याने दोन हजार कमी केले. त्रेचाळीसला सौदा झाला. साध्या कागदावर पावती, दोघांच्या आधारची प्रत, रायफलीचा नंबर, तारीख, सह्या. परवाना लागत नाही म्हणून कागदच नको असं नव्हे. वाटेत कुणी अडवलं तर तेवढाच आधार.

आणि अडवलंच. कोगनोळी नाक्यावर गाड्या तपासत होते. पेटी बघून कॉन्स्टेबल म्हणाला, "एनिदु?" म्हणजे हे काय? गिरणीवाला आयुष्यभर दोन्ही भाषांत ज्वारी दळतोय, तो शांतपणे म्हणाला, "एअर रायफल री, स्पोर्ट्सदु. लायसन्स बेकागिल्ल." खेळाची आहे, लायसन्स लागत नाही. पावती दाखवली, क्लबचं कार्ड दाखवलं. कॉन्स्टेबलने पेटी उघडून दस्त्यावरून हात फिरवला, यूट्यूबवर काय बघितलं ते सांगितलं आणि सोडलं.

गावात मात्र तिसऱ्या दिवशी चुलता आला. "ह्याने रानडुक्कर पडंल का रे?" खानापूर पट्ट्यात डुक्कर आणि माकड हा चेष्टेचा विषय नाही, उभं पीक जातं. पण साडेसात ज्यूलच्या छऱ्याने डुकराला गुदगुल्या होतील, आणि पाखरू जरी मारलं तरी १९७२चा वन्यजीव कायदा आहे. भीमगडचं अभयारण्य तिथून लांब नाही. मी बापाला पेटीला कुलूप लावायला सांगितलं, किल्ली त्याच्या स्वतःच्या कमरेला. चुलता दोन दिवस रुसला.

एक गाठ अजून सुटायची आहे. सरावाला कोल्हापूर जवळ, कोचही तिथलीच, पण आधारवर पत्ता नंदगडचा. म्हणजे ओंकार खेळणार कर्नाटकाकडून, राज्य स्पर्धेला रात्रभर बस करून बेंगळूरला. सीमाभागातल्या पोराला हे नवीन नाही. या देशातली रायफल संघटना १९५१ साली उभी करणारे मावळंकर, पहिल्या लोकसभेचे सभापती, आडनावाने कोकणातले आणि राजकारणाने गुजरातचे. पोराला मी एवढंच सांगितलं. त्याने विचारलं, त्यांची रायफल कोणती होती. मला काय ठाऊक.

सप्टेंबरात सील पूर्णच गेली. एके संध्याकाळी फोन, "काका, छरा निम्म्या वाटेत पडूलाय." सीलचा संच मागवला, यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत एकही छरा न सोडता, नळीवर नाणं ठेवून, भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका काढून, रोज अर्धा तास नुसता धरून उभा राहायला लावला. बापाच्या सांगण्यावरून, गिरणी बंद झाल्यावर, कारण गिरणी चालू असली की माडी थरथरते. सील बदलून आल्यावर पहिल्या ४० छऱ्यांत ४०० पैकी ३६१ आले. जूनमध्ये स्प्रिंगवर ३०२च्या वर कधी गेला नव्हता.

मावसभावाला त्याने तो कागद पाठवला. तिकडून उत्तर आलं, मस्त, पण यात दहा छऱ्यांचं मॅगझिन बसतं का?